प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद पडतो: वीज आणि प्रिंटरचे बिघाड शोधायची रीत

"प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद पडतो." एका ओळखीच्या ऑफिसातून ही तक्रार आली तेव्हा मी सरळ प्रिंटरच्या ड्रायव्हरमागे (कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाषा प्रोग्रामच्या मागे) लागलो. जुना काढला, नवा टाकला, अँटिव्हायरस फिरवला, विंडोजचे राहिलेले अपडेट घेतले. अर्धा दिवस असा गेला. शेवटी दमून खुर्चीत टेकलो होतो, तेवढ्यात तिथल्या ताईंनी सवयीने एक पान छापायला दिलं आणि स्क्रीन काळी व्हायच्या आत टेबलाखालून 'पीं' असा बारीक आवाज आला. यूपीएस ओरडला होता. वाकून पाहिलं तर लेझर प्रिंटरची पिन त्याच यूपीएसच्या मागे खोचलेली. ती काढून भिंतीतल्या सॉकेटला लावली, तक्रार तिथेच संपली.

झालं होतं ते असं. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर वितळवून पक्की करणारा एक भाग असतो, त्याला फ्यूजर म्हणतात. तो तापू लागला की प्रिंटर एकदम काहीशे वॅट ओढतो, यंत्र मोठं असेल तर हजाराच्या घरात. टेबलाखाली असतो तसला ६०० व्हीएचा यूपीएस मुळात ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. (व्हीए आणि वॅट हे दोन वेगळे आकडे, आणि खोक्यावर ठळक छापलेला असतो तो व्हीएचा.) प्रिंटरने मोठा घास घेतला की यूपीएस मान टाकतो, आणि त्याच्या जिवावर बसलेला कॉम्प्युटरही जातो. काही यूपीएसच्या मागे बॅटरीशी न जोडलेली, फक्त सर्जपासून वाचवणारी एकदोन सॉकेट असतात. लेझर प्रिंटर फार तर तिथे लावा, बॅटरीच्या सॉकेटला कधीच नको.

त्या दिवसापासून एक पथ्य पाळतो. कुठलाही बिघाड असो, आधी वीज आणि माहिती कुठून कुठे जाते ती वाट डोळ्यांसमोर आणायची. विजेची वाट: भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, केबल, एसएमपीएस (कॅबिनेटच्या आतला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड. छपाईची वाट: प्रोग्राम, स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा), ड्रायव्हर, पोर्ट, केबल किंवा वायफाय, प्रिंटर, कागद. मग वाटेच्या मध्यावर उभं राहून विचारायचं, इथपर्यंत येतंय का? येत असेल तर अलीकडची निम्मी वाट निर्दोष. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं तर नेमका दोषी कोण हे कळत नाही, आणि महिन्याभराने तेच दुखणं पुन्हा दारात उभं राहतं.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

'कॉम्प्युटर बंद आहे' या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. एक, पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. दोन, पंखा फिरतो पण पडदा काळा. तीन, सुरू होतो आणि मधेच जातो. फोनवर कुणी सांगत असेल तर आधी यातलं कोणतं ते विचारून घ्या.

पहिल्या प्रकारात भिंतीपासून सुरुवात. सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. मोबाइलचा चार्जर लावून बघू नका, त्याला वीज लागते चिमूटभर. सैल झालेल्या सॉकेटवरही तो चालतो आणि तुमची दिशाभूल करतो. मग यूपीएस आणि बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कॉम्प्युटरची केबल थेट भिंतीत लावा. चालू झाला तर दोष मधल्या दोघांपैकी एकात.

केबल तपासायला नवी आणायची गरज नाही. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा अगदी तशीच असते. मॉनिटर चालतोय ना? मग त्याची केबल काढून कॅबिनेटच्या मागे घाला आणि दाबून बसवा. बाहेरून पूर्ण बसल्यासारखी दिसणारी केबल आत दोनतीन मिलिमीटर अधांतरी असते, विशेषतः टेबल सरकवून झाडलोट झाली असेल तर. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटणही बघा. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. काखेत कळसा ही म्हण या बटणासाठीच केली असावी, असं मला दर दोनतीन महिन्यांनी वाटतं.

जुन्या एसएमपीएसवर शेजारीच ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल सरकपट्टी असते. तिला गंमत म्हणून हात लावू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती ११५ कडे सरकवली तर आवाज आणि धूर दोन्ही मिळतात. नव्या एसएमपीएसमध्ये ही भानगड नसते, ते पुरवठा ओळखून घेतात.

एवढं करूनही शांतताच असेल तर केबल पूर्ण काढा, समोरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. क्षणिक शॉर्ट झाला किंवा व्होल्टेज उसळलं की एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि बऱ्याच एसएमपीएसमध्ये मुख्य वीज पूर्ण तुटून आतला उरलासुरला भार उतरेपर्यंत ते कुलूप निघत नाही.

आता कॅबिनेट उघडायची वेळ. उघडण्याआधी धोक्याचं बोलून घेऊ. मदरबोर्डवर १२ व्होल्टच्या वर काही नसतं, तिथे तुमचा जीव धोक्यात नाही. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातं आणि तेवढा दाब आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही काही काळ राहतो. डबा बिघडला असेल तर अख्खा बदलायचा.

झाकण काढून केबल पुन्हा जोडा आणि मदरबोर्डवर कुठे छोटा दिवा लागलाय का ते पाहा. बऱ्याच बोर्डांवर असतो. तो लागला म्हणजे एसएमपीएसचा ५ व्होल्टचा राखीव पुरवठा बोर्डापर्यंत पोचतो आहे. हा पुरवठा बटण न दाबताही सतत चालू असतो, म्हणूनच बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं. दिवा आहे पण बटणाला प्रतिसाद नाही, तर पहिला संशय त्या बटणावरच घ्या.

समोरच्या बटणापासून दोन बारीक तारा निघून बोर्डाच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांच्या झुबक्यावर बसतात. त्या अलगद काढा. बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना बटणाच्या असतात, पण खात्रीसाठी बोर्डावर छापलेली अक्षरं किंवा पुस्तिका पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना क्षणभर एकदम स्पर्श करा, नुसता टिचकी मारल्यासारखा. कॉम्प्युटर सुरू झाला तर बिघाड बटणाचा. नवं बटण येईपर्यंत रीसेटच्या तारा त्या पिनांवर बसवून रीसेटच्या बटणानेच यंत्र चालू करता येतं. माझ्या माहितीतला एक कॉम्प्युटर अशा अवस्थेत गेली काही वर्षं सुखाने चालतो आहे.

तरीही काही नाही, तर एसएमपीएस एकट्याने जागा होतो का ते बघायचं. केबल काढलेली असताना मदरबोर्डाचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर आणि बाकीचे कनेक्टर सोडवा. २४ पिनांमध्ये हिरवी तार एकच असते. तिच्या खाचेत आणि शेजारच्या काळ्या तारेच्या खाचेत पेपरक्लिप वाकवून घाला, मग केबल जोडून मागचं बटण चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस जागा होतो. एवढंच सिद्ध झालं हं. भार आल्यावर तो टिकतो का, हे या चाचणीतून कळत नाही. मल्टिमीटर असेल तर मोजा: पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालतं. हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तुमचा तसला असेल तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, दुसरा चालू एसएमपीएस लावून पाहा.

पंखा फिरतो, पडदा काळा

इथे वीज आली आहे, म्हणून एसएमपीएसला थोडा वेळ सोडा. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात ती कार्डाच्या पोर्टमध्ये हवी, मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नको. घर बदलल्यावर किंवा साफसफाईनंतर हे हमखास चुकतं. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडला आहे ना, तेही बघा.

मग रॅम. केबल काढून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा, पट्टी बाहेर काढा. सोनेरी दातांवर काळपट थर दिसला तर स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, भुगा झटका, आणि दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून लावा. स्पीकर असलेल्या बोर्डातून पुन्हा पुन्हा बीप येत असेल तर बीपचा हिशोब बोर्डाच्या पुस्तिकेत सापडतो. तो कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे कुठेतरी वाचलेला तक्ता प्रमाण मानू नका.

प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर असतो. तो निघालेला असेल तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. हेही नीट पाहून झालं की बाकी सगळं काढून फक्त प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि पडदा एवढ्यावर यंत्र चालवून पाहा. चाललं की एकेक भाग परत जोडत जा. ज्याच्या जोडणीने पुन्हा बंद पडलं, तो चोर.

बोर्डावरची चपटी गोल बॅटरी सीआर२०३२, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर उघडताना दरवेळी तारीख चुकलेली असेल आणि एफ१ दाबायला सांगत असेल तर ती बदला. बाकी दोष तिच्यावर ढकलण्याची पद्धत आहे, पण बिचारीचा संबंध क्वचित असतो.

सुरू होतो, पण टिकत नाही

या प्रकारात घड्याळ हेच खरं हत्यार आहे. किती वेळाने आणि काय करताना बंद पडतो, ते लिहून काढा.

दरवेळी बरोबर चारपाच सेकंदांनी जात असेल तर समोरचं बटण आत अडकलेलं असतं. बटण चार सेकंद दाबून धरलं की यंत्र जबरदस्तीने बंद व्हावं अशी सोयच केलेली असते, आणि धुळीने किंवा तुटक्या प्लॅस्टिकमुळे दबून राहिलेलं बटण नेमकं तेच करत राहतं. मी एकदा यापायी रॅम बदलायला निघालो होतो! आता आधी बटणाच्या तारा काढतो, मगाशी सांगितलं तसं स्क्रूड्रायव्हरने सुरू करतो आणि थांबून बघतो.

पंखा अर्धा फेरा मारून लगेच थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डाखाली पडलेला स्क्रू, वाकलेली यूएसबीची पिन, जळालेलं कार्ड. यूएसबीच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा, आतल्या पितळी पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर कारण सापडलं.

पाचदहा मिनिटांनी, आणि लगेच पुन्हा सुरू केल्यावर आणखी लवकर जात असेल तर उष्णता. प्रोसेसरवरचा पंखा काढला की खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर गालिच्यासारखा धुळीचा थर दिसतो. पंखा बोटाने अडवून धरा आणि मग ब्लोअर मारा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. तो पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, उचललाच तर प्रोसेसर आणि त्याच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी, मटारच्या दाण्याएवढी लावा.

गेम किंवा व्हिडिओचं जड काम चालू झालं की बंद, बाकी दिवसभर ठीक, तर एसएमपीएस थकलेला असतो किंवा ग्राफिक्स कार्डाला पुरत नाही. बोर्डावरचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर पाहा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा वर तपकिरी कवच जमलेला कपॅसिटर म्हणजे बोर्डाचे दिवस भरत आलेत.

खोलीतले दिवे क्षणभर मिणमिणतात तेव्हाच यंत्र रीस्टार्ट होतं का? चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद आपल्या साठ्यावर तग धरतो आणि साधा यूपीएस तेवढ्या अवधीत बॅटरीवर येतो. एसएमपीएस म्हातारा झाला की हे गणित चुकतं. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरीही तीनचार वर्षांत दम सोडते. ती बघायची सोपी तऱ्हा: काम सेव्ह करा, कॉम्प्युटरऐवजी टेबललॅम्प यूपीएसला लावा आणि भिंतीतलं बटण बंद करा. दिवा मिनिटभरही टिकत नसेल तर बॅटरी बदला.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा प्रत्येक प्रसंगाला 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि लोक तिचा अर्थ शोधत बसतात. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ते तुम्हाला माहीतच आहे. नोंदीची वेळ मात्र टिपून ठेवा, तिचा उपयोग होतो.

आणखी एक छोटी गोष्ट. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते अर्थ नसेल तर पुरवठ्याचं निम्मं व्होल्टेज पत्र्यावर आणून सोडतात. करंट अगदी किरकोळ असतो, पण प्रिंटरची यूएसबी केबल मधूनच तुटल्यासारखी होणं, पोर्ट जळणं, यामागे कधीकधी हेच निघतं. तिसरी पिन कापलेला किंवा दोन पिनांचा अडॅप्टर मधे असेल तर तो आधी काढा, आणि कॉम्प्युटर व प्रिंटर दोघांनाही अर्थ असलेली सॉकेट द्या. अर्थ मुळातच नसेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं.

प्रिंटर: आधी कॉम्प्युटर बाजूला करा

छपाईच्या वाटेचा मध्य कुठे? प्रिंटरच्या यूएसबी पोर्टवर. म्हणून पहिलं काम: केबल काढून प्रिंटरकडूनच चाचणीचं पान छापून घ्या. बहुतेक प्रिंटरांत त्यासाठी मेनू असतो, किंवा एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. स्कॅनर असलेला प्रिंटर असेल तर झेरॉक्स काढून पाहा. पान नीट आलं म्हणजे कागद, शाई, रोलर सगळं ठाकठीक. आता कॉम्प्युटरकडे वळा. पान नीट आलं नाही तर ड्रायव्हर शंभर वेळा टाकूनही काही होणार नाही. या एका पानाने जितका वेळ वाचतो, तितका दुसऱ्या कशाने वाचत नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूला सर्वांत जास्त त्रास देतो तो स्पूलर. तुम्ही दिलेली प्रत्येक फाइल आधी त्याच्या रांगेत उभी राहते. पुढची एक अडकली की मागची सगळी अडकतात. 'डिलीटिंग' असं लिहून तासभर तशीच बसलेली फाइल सगळ्यांनी पाहिली असेल. तिला हाकलायची रीत अशी:

१. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडला की त्यावर उजवी क्लिक करून 'स्टॉप'.
२. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जा. आत एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या फायली दिसतील. त्या पुसा, फोल्डर ठेवा.
३. प्रिंटर बंद करून चालू करा, कारण अर्धं पान त्याच्याही स्मरणात अडकलेलं असतं.
४. प्रिंट स्पूलर पुन्हा 'स्टार्ट' करा आणि एकच छोटं पान देऊन बघा.

पुन्हा तीच फाइल अडकली तर दोष फाइलचा. पीडीएफ असेल तर छपाईच्या खिडकीत 'प्रिंट ॲज इमेज' निवडा, बहुतेक वेळा निघते.

यंत्र 'शटडाउन' करून परत सुरू केलं तरी अडकलेलं सुटत नाही, हा अनुभवही येतो. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो, त्यातल्या गुंत्यासकट. 'रीस्टार्ट' मात्र कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. 'बंद करून चालू करा' असं कुणी सांगितलं तर रीस्टार्टच करा.

यूएसबी प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवत असेल आणि यादीत त्याच नावाचा 'कॉपी १' उभा असेल, तर केबल दुसऱ्या पोर्टात गेली आहे. विंडोजने नव्या जागेला यूएसबी००२ समजून नवा प्रिंटर मांडला आणि तुम्ही अजून यूएसबी००१ वरच्या जुन्याला पानं देत आहात. केबल मूळच्या पोर्टात लावा, किंवा जुना काढून नवा ठेवा. केबल ५ मीटरहून लांब नको, आणि मधे हब असेल तर तो वगळून पाहा. रांगेच्या खिडकीतल्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' किंवा 'पॉज प्रिंटिंग' वर चुकून खूण झालेली नाही ना, हेही एकदा बघा. शिवाय 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' हा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो, आणि एकदा पीडीएफमध्ये छापलं की पुढचं पत्र कागदावर येतच नाही. तुम्ही प्रिंटर ठोकत बसता, पत्र गेलेलं असतं भलतीकडे.

वायफायवरच्या प्रिंटरचं दुखणं बहुधा पत्त्याचं. वीज जाऊन आली, राउटर नव्याने उठला आणि त्याने प्रिंटरला दुसरा आयपी पत्ता दिला. कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करतोय. प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या नेटवर्कच्या पानावर पत्ता पाहा आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'पोर्ट्स'मधल्या पत्त्याशी ताडून बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणजे दुखणं वायफायचं. कायमचा उपाय राउटरमध्ये: प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा. बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, ५ गिगाहर्ट्झच्या नावाला ते जोडलेच जात नाहीत. पत्ता बरोबर, छपाईही होते, तरी 'ऑफलाइन' लिहिलेलं जात नसेल तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' वरची खूण काढा.

पानामागून पान येतंय आणि प्रत्येकावर एखादी ओळ अगम्य अक्षरांची, तर प्रिंटरला त्याची भाषा न कळणारा ड्रायव्हर लागला आहे. पहिल्या पानावर टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी सुरुवात दिसली तर पोस्टस्क्रिप्टचा मजकूर ती भाषा न येणाऱ्या प्रिंटरकडे गेला. कागद ओढून घ्या, रांग रिकामी करा आणि नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका. जुना काढताना नुसता प्रिंटर काढू नका, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधल्या ड्रायव्हरच्या यादीतूनही काढा, नाहीतर विंडोज तोच पुन्हा जोडतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर जोडताना ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल तर तो बिघाड नाही. २०२१ मध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाची सुरक्षेची भोकं उघडकीस आली आणि त्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने ही अट घातली.

पान येतं, पण धड येत नाही

लेझर प्रिंटरच्या पानावर ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर पट्टी घ्या आणि दोन डागांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे आतल्या कुठल्यातरी रोलरचा किंवा ड्रमचा परीघ. प्रत्येक मॉडेलच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेत कोणत्या अंतराला कोणता भाग, याचा तक्ता असतो. अंदाजाने ड्रम बदलण्यापेक्षा हे दहा सेकंदांचं मोजमाप बरं. छापलेलं बोटाने पुसलं जात असेल तर फ्यूजर पुरेसा तापत नाही, किंवा कागदाचा प्रकार सेटिंगमध्ये चुकीचा आहे. पानाची एक बाजू फिकी असेल तर टोनर एका कडेला सरकलाय. टोनरची डबी काढून आडवी धरा आणि पाचसहा वेळा हळू हलवा. पूड सांडली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि हात गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती मऊ होऊन चिकटते. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, ती इतकी बारीक असते की त्याच्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर उडते.

कागद अडकला तर आधी प्रिंटर बंद करा. फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, अर्धा तास निवू द्या. कागद दोन्ही हातांनी, शक्यतो तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, सावकाश ओढा. फाटला तर तुकडे टेबलावर जुळवून पान पूर्ण होतं का ते बघा. नखाएवढा तुकडा आतल्या सेन्सरच्या काडीखाली राहिला की कागद नसतानाही 'पेपर जॅम' ओरडत राहतो. वारंवार अडकत असेल तर बहुधा कागद दमट असतो: गठ्ठा मोकळा करून पिसा आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला जेमतेम टेकतील अशा लावा. कागद उचललाच जात नसेल तर उचलणाऱ्या रबरी रोलरवर धूळ बसून तो गुळगुळीत झालेला असतो. किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसला की बहुतेक वेळा पुन्हा पकड येते.

इंकजेटमध्ये पट्टे किंवा गायब रंग म्हणजे नोझल चोंदलेले. नोझल चेकचं पान काढा, मग हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. दोनतीन फेऱ्यांत फरक पडला नाही तर थांबा आणि रात्रभर तसंच ठेवा. वाळलेली शाई ओल्या शाईने भिजून सुटायला वेळ लागतो, आणि प्रत्येक फेरीत बरीच शाई निव्वळ वाया जाते. आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहिलात तर ही वेळ सहसा येत नाही.

इंकजेट बंद करताना लोक सर्रास भिंतीतलं बटण दाबतात, आणि तिथेच नोझल वाळायला सुरुवात होते. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड कोपऱ्यातल्या रबरी टोपीखाली जाऊन बसतं. मधेच वीज तोडली तर ते जिथे आहे तिथेच उघडं राहतं. म्हणून आधी प्रिंटरचं बटण दाबा, आतली खरखर थांबू द्या, दिवा पूर्ण विझू द्या, आणि मगच भिंतीकडे हात न्या.